गंजाची प्रतिष्ठापना

शिरोली एमआयडीसीत, जेथे फौंड्रीतून बाहेर पडणाऱ्या कास्टिंगवर शॉट ब्लास्टिंगचा मारा करून मळाचा शेवटचा कणही हद्दपार करण्याचा शिरस्ता आहे, तेथील एखादा तपासनीस दिवसभर गंजाविरुद्ध हुकूम सोडून रात्री घरी ‘सी हॅरियर’ विमानाचे १:७२ प्रमाणाचे मॉडेल जोडावयास बसतो आणि त्या निष्कलंक प्लॅस्टिकवर त्याच मळाची व गंजाची यथाविधी प्रतिष्ठापना करतो, हा विरोधाभास मननीय आहे.

भारतीय नौदलात १९८३ साली दाखल झालेले आणि मे २०१६ मध्ये गोव्याच्या ‘आयएनएस हंसा’वर सन्मानाने निरोप घेतलेले हे साडेचौदा मीटरचे विमान टेबलावर जेमतेम वीतभर उरते. त्यावर मिठाचे खडे चिकटवून वरून रंग फवारावा, तो वाळल्यावर मीठ खरवडावे, म्हणजे पोपडे उडाल्याचा हुबेहूब भास होतो. सांध्यांतून काळपट पातळ रंग सोडावा, नोझलमागे पेस्टलच्या भुकटीची काजळी धरावी. अस्सल विमानावरचे मीठ गोड्या पाण्याने धुऊन काढण्यात नौदलाच्या तंत्रज्ञांच्या हयाती खर्ची पडल्या, ही बाब अर्थातच या कलेत गैरलागू.

येथवर सारे क्षम्य आहे. परंतु उत्साहाच्या भरात पंखांवर तांबडा गंज चढविणाऱ्या महाशयांना, धातूशी रोजचा व्यवहार असूनही, इतके कळवणे प्राप्त आहे की विमानाची त्वचा मुख्यत्वे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते आणि तिला तांबडा गंज चढत नाही.