अलिबागकराची उलटतपासणी

मुंबईत नव्या ओळखीत गाव विचारलं जातं, हा साधा रिवाज. चिपळूणचं नाव निघालं की बोलणं पावसाकडे वळतं, साताऱ्याचं निघालं की कंदी पेढ्यांकडे. अलिबागकर मात्र गावाचं नाव घेण्याआधी जरा घुटमळतो. समोरच्याच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलेलं त्याला दिसत असतं. मग हा विनोद जगात आपल्यालाच पहिल्यांदा सुचला अशा उत्साहात प्रश्न येतो, "म्हणजे खरंच अलिबागसे आया है क्या?"

मुंबईच्या नाक्यांनी आणि विनोदी कार्यक्रमांनी मिळून या वाक्याचा अर्थ पक्का करून टाकला आहे. अलिबागचा म्हणजे भोळसट, कुणीही यावं आणि टोपी घालून जावं असा.

एका अलिबागकरानं हे मनावर घेतलं आणि या वाक्यावर बंदी घाला, अशी जनहित याचिका थेट मुंबई उच्च न्यायालयात केली. जुलै 2019 मध्ये मुख्य न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग आणि न्यायमूर्ती नितीन जामदार यांच्या खंडपीठानं ती फेटाळली. विनोद प्रत्येक समाजावर होतात, संता-बंतावर होतात, मद्राशांवर होतात. अपमान वाटून घेऊ नका, मजा घ्या, असा सल्लाही मिळाला. वर्तमानपत्रांनी बातमी छापताना ते वाक्यही छापलं. ज्यांना ते माहीत नव्हतं, त्यांचीही सोय झाली.

खटला गेला, पण अलिबागकडे पुरावे काही कमी नाहीत. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कान्होजी आंग्र्यांच्या अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. त्यातले इंग्रज मुंबईहूनच निघाले होते. शेजारच्या आक्षीतल्या मराठी शिलालेखाचं साल शके 934, म्हणजे इसवी सन 1012, असं वाचलं जातं. आणि तालुक्यातल्याच चरी गावच्या कुळांनी खोतांविरुद्ध 1933 पासून जवळजवळ सहा वर्षं संप चालवला, जमिनी कसल्या नाहीत. भोळसटांना एवढा दम निघत नाही.

सगळ्यात भारी साक्ष मात्र लोहचुंबकाची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथल्या कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेची पंचाईत झाली, कारण विजेच्या प्रवाहानं सुया बिथरल्या असत्या. म्हणून 1904 मध्ये वेधशाळा अलिबागला आणली. लोखंड कटाक्षानं टाळून बांधलेल्या इमारतीत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी तिथे आजही होतात. मुंबईत डोकं ठिकाणावर राहत नाही, हे सरकारदरबारी असं कधीच मान्य झालेलं आहे.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळचं गॉथम हे असंच मूर्खांचं गाव म्हणून शतकानुशतकं बदनाम. तिथल्या 'शहाण्यां'च्या गोष्टी घरोघरी सांगितल्या जायच्या. 1807 मध्ये वॉशिंग्टन आयर्विंगनं न्यू यॉर्ककरांची टर उडवायला त्या शहराला गॉथम म्हटलं. न्यू यॉर्ककरांनी कोर्टकचेरी केली नाही, नाव छातीवर मिरवलं. पुढे तर बॅटमॅननं त्या नावाच्या नगरीत बस्तान मांडलं.

अलिबागची गाडीही त्याच वळणावर आहे. 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट रो-रोनं मांडव्याला येता येतं. सिनेमावाले आले, क्रिकेटवाले आले. थळ, आवास, किहीमच्या वाड्यांपुढे मोठमोठी फाटकं लागली. आता बंगल्यासाठी जागा शोधत मुंबईकर दारात येतो, तेव्हा अलिबागकर शक्य तितका भाबडा चेहरा करतो. "आम्ही पडलो अलिबागची माणसं, आम्हाला कुठली घासाघीस जमायला!" असं म्हणत गुंठ्याचा एकच भाव सांगतो आणि पाहुण्यांसाठी आत चहा टाकायला सांगतो.