उताराचं काय?

"अगं, परवा भर साडेअकराच्या उन्हात तुझ्या नवऱ्याला तळजाईच्या टेकडीवर पळताना पाहिलं म्हणे आमच्या पेपरवाल्यानं. डोक्याला ओला पंचा बांधलेला. घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक कसलं काकू! शर्यत लागलीय यांना. फाल्गुनात. डोंगरातली मॅरेथॉन."

"मग पहाटे पळावं. शहाणी माणसं पहाटेच पळतात."

"मीही तेच म्हटलं. तर म्हणे, शर्यत सुरू होते पहाटे, संपते दुपारी. या दिवसांत पहाटे १२-१४ अंश, स्वेटर काढवत नाही, आणि दुपारी पारा पस्तिशीकडे. रोज पहाटे पळणाऱ्याच्या अंगाला ऊन ठाऊकच नसतं. ती सवय लागायला १० ते १४ दिवस जातात. मग घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं, छाती उगाच धडधडत नाही. म्हणून शेवटी शेवटी थोडं थोडं उन्हात."

"माझ्या माहेरी सगळे उन्हातच असायचे. त्याचा कुणी सराव केला नाही."

"तुमचं माहेर घेरा सिंहगड, काकू. तुमचा जन्मच सराव. यांचा जन्म नारायण पेठेत."

काकू हसल्या आणि वाळत घातलेल्या सांडग्यांचं ताट सावलीतून पुढं सरकवलं. म्हणजे आता बसणार होत्या.

"किती लांब आहे ही शर्यत?"

"मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. पण डोंगरात ते १९५ मीटर कोण मोजतंय! पायवाट जाईल तशी शर्यत. खरा आकडा चढाचा. सगळे चढ मिळून १८०० मीटर. पायथ्यापासून सिंहगड धरा ६०० मीटर, म्हणजे एका दिवसात तीन सिंहगड."

"तीन वेळा! आणि पळत?"

"छे हो. चढ सगळे चालतच चढतात, मांडीवर हात रोवून. पहिले येणारेसुद्धा उभ्या चढाला चालतात."

"पैसे भरून चालायचं?"

"आणि पैसेही थोडेथोडके नाहीत! पण त्याचंही गणित आहे. स्कॉटलंडचा कोणी नेस्मिथ म्हणून डोंगरवेडा होता, त्यानं १८९२ साली हिशेब मांडला. सपाटीच्या दर पाच किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. यांनी तो कागदावर लिहून फ्रिजला लावलाय. ४२ किलोमीटरचे साडेआठ तास नि चढाचे तीन. साडेअकरा तास झाले. शर्यतवाले तेवढा वेळ देत नाहीत, म्हणून सपाटीला आणि उताराला पळायचं."

"म्हणजे मुख्य ते उताराचंच."

"बघा, तुम्हाला लगेच कळलं. आमच्या कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या साहेबांना अजून कळलेलं नाही."

"त्यांनीही नाव घातलंय?" काकूंनी खुर्ची कुंपणाला आणखी चिकटवली.

"घातलंय तर! जिममधल्या ट्रेडमिलला चढ लावून तासन्‌तास चालतात. एसीत. वहिनी सांगत होत्या, ह्यांना दम आता अजिबात लागत नाही. आमचे हे म्हणाले, दमाचं सोड, यंत्र वर नेतं, पण खाली कुठं आणतं?"

"खरंय की."

"ट्रेडमिलवर उतार नाही, घसारा नाही, ऊन तर नाहीच. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भारही झेलतो, त्यानं त्याचे बारीक धागे तुटतात. तेव्हा काही कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस कमोडवर बसताना देवाचं नाव घेतो. पण एकदा असं होऊन गेलं की स्नायू शहाणा होतो. पुढं काही आठवडे तोच उतार तेवढा दुखवत नाही. म्हणून दर रविवारी आतकरवाडीच्या वाटेनं चढून परत त्याच वाटेनं पळत खाली. लोक गडावर भजी खायला जातात, हे उतरायला जातात. आणि शर्यतीच्या आधी दोन-तीन आठवडे हे बंद, म्हणजे तुटलेलं जुळायला वेळ मिळतो."

"पण उतरतात कसे? टाच रोवून?"

"टाच रोवून नाही तर काय?"

"तिथंच मेख आहे." काकू उठल्याच. "माझी आई दह्याची मडकी डोक्यावर घेऊन गडावर जायची आणि मोकळी मडकी नि वाटेत मोडलेलं सरपण घेऊन उतरायची. पायात कधी चप्पल, कधी तीही नाही. टाच पुढं टाकलीस की गुडघा ताठ होतो, धक्का थेट कंबरेत. पाऊल लहान टाकायचं, पटापट टाकायचं, गुडघा सैल. अंग मागं रेलायचं नाही. भीतीनं माणूस मागं रेलतो आणि म्हणूनच पाय सटकून पाठीवर पडतो. आणि पायाकडं बघायचं नाही. तीन-चार पावलं पुढं बघायचं, पाय आपला आपण येतो."

काकूंनी अंगणातल्या फरशीवर दोन्ही हात पसरून, पदर खोचून चार पावलं करून दाखवली. सत्तरीच्या आहेत. मी मोबाइल काढायच्या आत थांबल्या.

"याचे क्लास घ्या काकू. यांनी ह्याच गोष्टी शिकायला कोचला पैसे मोजलेत."

"आणि या दिवसांत सांभाळून म्हणावं. पावसाळ्यात चिखल दिसतो तरी. आत्ता गवत वाळून आडवं पडलंय, त्याच्याखाली मुरूम. ओट्यावर सांडलेल्या ज्वारीवर पाय पडावा तसं होतं. तिथं सरळ खाली नाही जायचं, तिरकं तिरकं जायचं. वणवा लागून गेलेला उतार असला तर आणखी वाईट. मुळं जळलेली, माती सुटलेली, हाताला धरायला काही नाही."

"वाट दाखवायला लावलेल्या फितीही जळतात म्हणे."

"फिती कशाला लागतात? वाट पायाला कळते. बरं, मोहोळाचं सांगितलंय का त्याला?"

"कसलं?"

"आग्या मोहोळ. पळस, पांगारा, सावर सगळे फुललेत आता. कड्याला पोळी लटकलेली असतात. कड्याखालून जाताना आरडाओरडा नको, धूर नको, ते वासाचं फवारून तर मुळीच नको. उठलंच मोहोळ तर हातवारे करत उभं राहायचं नाही, तोंड झाकून तिथून लांब पळायचं. एवढा सराव करतोय, तिथं उपयोगी पडेल."

हे यांच्या यादीत नव्हतं. यादीत शिट्टी आहे, डोक्याला लावायचा दिवा आहे, चांदीसारखं चमकणारं पातळ पांघरूण आहे, पाठीवरची पाण्याची पिशवी आहे आणि तिची नळी आठवड्यातून एकदा माझ्याच बाटलीच्या ब्रशनं घासली जाते. मोहोळ नाही.

"खायला काय नेणार? शिदोरी बांधून दे भाकरी-पिठल्याची."

"पोटाचाही सराव चाललाय काकू! पळताना रक्त सगळं पायांकडे जातं, पोट कुरकुरतं. ती जेलची पाकिटं यांना मळमळतात, म्हणून उकडलेल्या बटाट्याच्या मीठ लावलेल्या फोडी आणि राजगिऱ्याचा लाडू. पण राजगिऱ्याचा लाडू कोरड्या तोंडात फुटतो आणि खोकला. आता खजुरावर आलेत. आमच्या डायनिंग टेबलाभोवती जॉगिंग करत खाऊन बघतात."

"आणि पाणी भरपूर प्यायचं."

"नाही ना! नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, माणूस भ्रमिष्टासारखा करतो, जिवावरसुद्धा बेततं. तहान लागेल तेवढंच, आणि मीठ-साखरेचं. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मुलं लहान असताना जुलाबाला आपण द्यायचो तेच. आता त्याला लिंबू पिळून एका बाटलीवर 'शर्यत' आणि दुसरीवर 'घर' अशी चिठ्ठी लावलीय."

"बूट घेतले असतील नवीन."

"त्याच्यावर बोलू नका. तळव्याला दातेरी रबर, किंमत मी विचारली नाही, यांनी सांगितली नाही, आणि खोका गाडीच्या डिकीत सापडला. अर्धा नंबर मोठे घेतलेत. उतरताना बोटं पुढं आपटून नखं काळी पडतात ना. दोन अंगठ्यांची पडलीच आहेत. परवा लग्नाला मोजे घालून आले पाटावर जेवायला."

काकूंना हसू आवरेना. सांडग्यांवर चिमणी येऊन बसली तिलाही हाकललं नाही.

"शर्यत कधी?"

"होळीच्या आधीचा रविवार. मी खालच्या खोलीतच अंथरूण घालून ठेवणार आहे. सोमवारी यांना जिना चढता येईल, उतरता येणार नाही."

"कोपऱ्यावरच्यांची झोपायची खोली वर आहे ना?"

"गच्चीलगतची. एकवीस पायऱ्या."

"त्या वहिनींना सांगितलंस?"

"नाही अजून."

"राहू दे," काकू ताट उचलत म्हणाल्या, "सोमवारी मी सकाळपासून इथंच बसते."