सोलारवाले सर

लातूरच्या औसा रोडला किंवा नांदेडच्या तरोडा नाक्याला एखाद्याचं घर विचारलं, तर पूर्वी लोक मारुतीच्या देवळाची खूण सांगायचे. आता सांगतात, "ते सोलारवाले सर हाईत ना, त्यांच्या पल्याडचं." घर लांबूनच ओळखू येतं. गच्चीवर आठ फूट उंच लोखंडी सांगाडा, त्यावर 540 वॅटची सहा पॅनेलं दक्षिणेला तोंड करून. सांगाड्याखाली प्लास्टिकची खुर्ची आणि खुर्चीत सर.

सर निवृत्त असतात. कुणी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलेलं असतं, कुणी जिल्हा परिषदेत इंजिनिअर असतो. पण सगळ्यात कडवे म्हणजे आयुष्यभर बुककीपिंग शिकवून साठीनंतर विजेकडे वळलेले. हे सर पाहुण्याला पाणी नंतर देतात, आधी मोबाईल दाखवतात. त्यात किती युनिट तयार झाले ते सांगणारं ॲप असतं. "काल 13.8 होते. आज सव्वाचारलाच 14.2!" तीन किलोवॅटच्या थोडी वरची ही सिस्टीम किती देते, तर एका किलोवॅटला दिवसाला चारेक युनिट, म्हणजे सरासरी बारा-तेरा. पण मार्कांच्या 'लातूर पॅटर्न'च्या गावात सरासरीवर कोण खूश राहतं? सकाळी फिरायला दोन सोलारवाले भेटले की मुलांच्या टक्क्यांसारखी युनिटांची चौकशी होते आणि ज्याचे कमी भरले तो शेजाऱ्याच्या नारळाच्या सावलीला दोष देतो.

सरांना हसणं सोपं आहे, पण त्यांच्या या वेडाला इतिहास आहे. 2005 मध्ये वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या आणि त्याच सुमारास मराठवाड्यावर भारनियमनाची अशी वर्षं आली की गिरणी, लग्नाची पंगत आणि बारावीचा अभ्यास सगळं वेळापत्रक बघून ठरायचं. खेड्यात तर बारा-बारा तास अंधार. जवळ परळीला औष्णिक वीज केंद्र आहे म्हणावं, तर 2013 च्या दुष्काळात तेच पाण्यावाचून बंद पडलं. पुढे एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. सरांचा सिद्धांत इथेच जन्मला. "पाणी मिरजेचं, कोळसा बाहेरचा. आपलं स्वतःचं काय? ऊन! ते तरी फुकट जाऊ देऊ नका." या युक्तिवादाला आजवर कुणाला उत्तर सापडलेलं नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली. पहिल्या दोन किलोवॅटला तीस-तीस हजार, तिसऱ्याला अठरा, म्हणजे तीन किलोवॅटला 78 हजारांची सबसिडी. हा आकडा सर आपल्या जन्मतारखेइतक्या सहज सांगतात.

मग येतो मे महिना. दुपारचे दोन, पारा बेचाळीसच्या पुढे. कोपऱ्यावरची डीपी धडाम करून उडते. गल्लीभर "गेली, गेली" होतं आणि पाठोपाठ शेजारच्या किराणा दुकानदाराच्या घरात पंखा पुन्हा गरगरू लागतो. त्याच्याकडे भारनियमनाच्या काळातला जुना इन्व्हर्टर आणि एक बॅटरी आहे. डोक्यावर तीन किलोवॅट तळपत असलेले सर मात्र बनियनवर गेटपाशी उभे.

"सर, तुमच्याकडं बी गेली का हो लाईट?"

"गेली नाही. इन्व्हर्टरनं स्वतःहून बंद केलीय. लाईनमनच्या सुरक्षेसाठी."

"पर लाईनमन आणखीन आलाच न्हाई की!"

सरांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर असतं. लाईनला जोडलेल्या सोलारचा इन्व्हर्टर लाईन गेली की थांबलाच पाहिजे. नाहीतर गच्चीवरची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या माणसाच्या जिवावर बेतेल. पण भर उन्हात, पॅनेलाखाली, वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेत हे समजावून सांगायला फार मोठं मन लागतं. सरांकडे ते नसतं. त्याच रात्री ते जाहीर करतात, "आता वायरच कापून टाकतो! महावितरणचा संबंध संपला."

दुसऱ्या दिवशी वही निघते. नेहमीच्या 12 व्होल्टच्या 150 ॲम्पिअर-अवर बॅटरीत कागदावर 1.8 युनिट मावतात. दीड टनाचा एसी तासाला साधारण दीड युनिट खातो. म्हणजे एक बॅटरी, एक तास. श्रावणात तीन दिवस झड लागली आणि घराला रोज आठ युनिट धरले, तर चोवीस युनिटांचा साठा हवा. म्हणजे कागदावर तेरा-चौदा बॅटऱ्या. लेड-ॲसिडची बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली तर ती लवकर मरते, म्हणून त्याच्या दुप्पट. एकेक पंधरा हजारांच्या घरात. सर लिथियमचे भाव काढतात आणि वही मिटतात. वायर जागच्या जागी राहते. तडजोड म्हणून हायब्रिड इन्व्हर्टर आणि दोन बॅटऱ्या येतात. त्यावर दिवे, पंखे, फ्रीज आणि सरांची इभ्रत चालते.

खरोखर वायरीवाचून जगणारी माणसं निराळीच. पुण्यात बुधवार पेठेत वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. हेमा साने विजेशिवायच राहिल्या आणि पुस्तकं लिहीत राहिल्या. त्यांनी गरजच ठेवली नाही. सरांना एसीही हवा, गीझरही हवा आणि स्वावलंबनही हवं.

त्याहून गंमत म्हणजे वायर तोडल्याची घोषणा न करता ज्यानं ती तोडली, तो सरांचा धाकटा भाऊ. तो गावाकडे असतो. चार एकर रान, तेव्हा नियमाप्रमाणे 5 एचपीचा सौर पंप. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत स्वतःचा हिस्सा दहा टक्के. त्याच्या पंपाला ना मीटर, ना ॲप. पूर्वी थ्री फेज रात्रीची असली की बॅटरी घेऊन, साप आणि रानडुकरं चुकवत, तो पाणी धरायला जायचा. आता न्याहारी करून जातो. ढग आले की पंप दम टाकतो, मग हाही बांधावर तंबाखू मळत बसतो. सर त्याला फोनवर पॅनेलचा कोन किती अंशांचा हवा ते सांगतात. तो "व्हय दादा, व्हय" म्हणतो आणि दाऱ्यावर लक्ष ठेवतो.

शहरात सरांची खरी लढाई महावितरणशी नसून काकूंशी असते. कुरडया, पापड, सांडगे आता सांगाड्याच्या सावलीत वाळत नाहीत. "तुमच्या सोलारनं माझं ऊन खाल्लं," हे वाक्य दर उन्हाळ्यात एकदा तरी होतंच. त्यातून पॅनेलं धुवायची. धुळीनं युनिट घटतात हे खरं, पण नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी आलेलं पाहिलेल्या लातूरच्या बाईकडे काचा धुवायला दोन बादल्या मागून बघा. सर मग पहाटे, काकू उठायच्या आत, फडकं ओलं करून वर चढतात.

ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त, हा समजही नांदेडच्या सरांना मे महिन्यात सोडावा लागतो. पॅनेलची क्षमता 25 अंशांवर मोजलेली असते. त्यावर दर अंशाला साधारण पाव ते अर्धा टक्का कमी. मे महिन्यात तापून काच पासष्ट अंशांवर गेली की सातवा-आठवा हिस्सा गेलाच. गोदावरीकाठचा उन्हाळा माणसाला सोसवत नाही, तसा पॅनेललाही. हे कळल्यापासून सर दुपारी ॲप उघडत नाहीत.

इतकं सगळं करून बिल येतं, आणि ते शून्य नसतं. युनिट शून्य असले तरी स्थिर आकार असतोच. सर ते बिल फ्रेम करावं इतक्या जपून फाईलला लावतात आणि 31 मार्चची वाट बघतात, कारण वर्षभर लाईनला दिलेल्या जादा युनिटांचा हिशेब तेव्हा होतो. महावितरणशी संबंध संपवायला निघालेला हा माणूस आज गल्लीत महावितरणचा सगळ्यात बारकाईनं हिशेब ठेवणारा ग्राहक आहे. दिवसा तारेला वीज द्यायची, रात्री तिच्याकडूनच घ्यायची, आणि शिवाय तिला नावं ठेवायची. हा संसार मोडणार नाही. तो मोडून परवडणारही नाही, कारण ती 78 हजारांची सबसिडी तारेला जोडलेल्या सोलारलाच मिळाली आहे.

तरीही सोलार बसवायचं मनात असेल तर सल्ला घ्यायला सरांकडेच जा. एजंटापेक्षा ते जास्त खरं सांगतील, फक्त दीड तास काढून जा. आणि निघण्याआधी घरचं लाईट बिल कुणाच्या नावावर आहे ते पाहून घ्या. ते अजून कैलासवासी आजोबांच्या नावावर असेल, तर पॅनेलांच्या आधी नाव बदलायचा अर्ज करा.