शेतीतून सुटण्याची पदवी

परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ सालचे. ‘परभणी क्रांती’ भेंडी इथली, ‘परभणी मोती’ ज्वारीही इथलीच. मात्र मराठवाड्यातले सर्वांत चिवट वाण अजून कुठल्याच शिफारशीत आलेले नाही: प्रथम वर्षाला लागलेला शेतकऱ्याचा पोरगा.

बापाने कापूस विकून त्याला शेती शिकायला धाडले, ते शेती करावी लागू नये म्हणून. असे दूरदर्शी धोरण नियोजन मंडळालाही सुचले नसते. पोरगाही लायक निघाला. वसतिगृहात त्याच्या उशाशी मृदाशास्त्राची वही आहे आणि तिच्यावर, वजन म्हणून, एमपीएससीचे तीन ठोकळे.

परवा गावाकडून फोन आला.

“बोंडअळी पडली रे, काय फवारू?”

“आबा, अळी पुढच्या वर्षाला हाय.”

आबांनी कृषी केंद्रवाल्याला विचारून फवारणी उरकली. त्याने औषधासोबत उधारीही दिली, जी कुठल्याच सत्रात नाही.

चौथ्या वर्षी हाच पोरगा ग्रामीण कार्यानुभवासाठी परक्या गावी जाऊन तिथल्या आबांना मार्गदर्शन करील, फोटोसह. तोवर बोंडअळीने कृपया अभ्यासक्रम पाहूनच शेतात उतरावे, ही नम्र विनंती.