दुसऱ्या मजल्यावरच्या उद्योगमहर्षींस

प्रति,
मालक, व्यवस्थापकीय संचालक, मनुष्यबळ अधिकारी आणि शिक्काधारक (चारही आपणच)
हिमायतनगर, हैदराबाद



पत्रास कारण की, विद्यापीठांनी आणि उद्योगांनी एकमेकांचा हात धरावा असं जो तो म्हणतो. धरून दाखवला तो फक्त तुम्ही. तेही एका गल्लीत, टिफिन सेंटरच्या डोक्यावर, दोन खोल्यांत. खाली डोसा, वर इंटर्नशिप; दोन्ही गरमागरम, दोन्ही दहा मिनिटांत.

तुमचं नाव लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, कारण पाटी बदलते. कधी ‘टेक्नॉलॉजीज’, कधी ‘सोल्युशन्स’, हल्ली शेपटाला ‘एआय’. जिना मात्र तोच, आणि जिन्यातली चपलांची गर्दीही तीच. लिबर्टीपासून नारायणगुड्याकडे चालत निघालं की वर मान करून वाचत जावं: कोचिंग, हॉस्टेल, प्रोजेक्ट, इंटर्नशिप, पुन्हा हॉस्टेल. अशा दुकानांसाठी नाव अमीरपेटचं झालं, पण आपला हिमायतनगरही काही मागे राहिलेला नाही. शेजारधर्म म्हणून मला याचा अभिमान आहे.

तुमच्या कार्याची ओळख झाली ती आमच्याच अपार्टमेंटमधल्या एका मुलामुळे. त्याची स्पायरल बाइंडिंग केलेली फाइल तो मला दाखवायला घेऊन आला. चेर्लापल्लीला माझं छोटं वर्कशॉप आहे, म्हणून मला ‘इंडस्ट्री’तलं कळतं असा त्याच्या आईचा समज आहे. फाइलप्रमाणे जून-जुलैचे आठ आठवडे त्यानं तुमच्या कंपनीत काम केलं. त्या आठ आठवड्यांत तो मला रोज दुपारी लिफ्टमध्ये भेटत होता, हाफ पँटमध्ये. म्हणजे तुमच्याकडे घरून काम करायची मुभा दिसते. फारच पुढारलेली कंपनी!

हजेरीपत्रक तर मी दोनदा पाहिलं. एकाच पेनानं, एकाच तिरकेपणानं, एका बैठकीत मारलेल्या सह्या. बोनालूच्या सणाच्या सोमवारी सगळं शहर बंद होतं, त्या दिवशीही मुलगा हजर. साप्ताहिक नोंदवहीत पहिल्या आठवड्यात त्यानं ‘कंपनीची कार्यसंस्कृती समजून घेतली’, शेवटच्या आठवड्यात ‘टीमवर्कचं महत्त्व जाणलं’. टीममध्ये तुम्ही आणि प्रिंटर. आणि प्रोजेक्टचा विषय? बनावट बातम्या ओळखणारी संगणकप्रणाली. मालक, इथे मात्र मी तुम्हाला मनोमन नमस्कार केला. बनावट कंपनीत, बनावट हजेरीवर, बनावट ओळखायला शिकवणं याला निधडी छाती लागते.

आता कुणी म्हणेल की ही फसवणूक आहे. फसवणुकीला फसणारा लागतो. इथे कोण फसलं? मुलाला कागद हवा होता, मिळाला. कॉलेजला फाइल हवी होती, मिळाली. जेएनटीयू या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या 2018 च्या अभ्यासक्रमात चौथ्या वर्षाला एक ओळ होती: ‘इंडस्ट्री ओरिएंटेड मिनी प्रोजेक्ट / समर इंटर्नशिप’, क्रेडिट दोन. मधल्या त्या तिरक्या रेघेत तुम्ही बिऱ्हाड थाटलंत. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेनं तर इंजिनीअरिंगच्या पदवीसाठी 600 ते 700 तासांच्या इंटर्नशिपचा आराखडा देऊन ठेवलाय. एवढे तास मुलाला कुठे बसवायचं, त्याच्याकडे कुणी बघायचं, बघणाऱ्याला कॉलेजात त्या वेळची तासिका माफ कुणी करायची, हे प्रश्न कॉलेजांनी स्वतःला विचारायचे होते. त्यांनी ते विचारले नाहीत. तुम्ही परस्पर सोडवून टाकले. सहाशे तास म्हणजे तुमच्या हिशेबी एक वेगळं पॅकेज, इतकंच.

आमच्या बाजूचंही सांगतो, नाहीतर कारखानदार धुतल्या तांदळाचे असा तुमचा गैरसमज व्हायचा. माझ्याकडे एका कॉलेजचे लोक आले होते. शाल, पुष्पगुच्छ, बॅनर, फोटोग्राफर, आणि सामंजस्य कराराच्या दोन प्रती. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात असे करार मोजले जातात. कागदावर हिरव्या शाईनं सह्या झाल्या, चहा झाला, माझ्या लेथपाशी उभं राहून सगळ्यांचा फोटो झाला. तो फोटो त्यांच्या माहितीपुस्तिकेत अजून आहे. मुलगा एकही आला नाही.

दुसऱ्या एका कॉलेजनं उलट केलं. मे महिन्यात अख्खी तुकडीच फाटकाशी उभी केली. प्रत्येकाला चार आठवडे. पहिला आठवडा सेफ्टी शूज आणि गेटपासात जातो. दुसऱ्यात मुलगा मशीनकडे बघतो आणि मशीनवाला त्याच्याकडे. तिसऱ्यात कुणाच्या तरी घरी लग्न असतं. चौथ्यात ‘सर, रिपोर्टसाठी कंपनी प्रोफाइल द्या.’ मी त्यांना चालत्या मशीनला हात लावू देत नाही. बोट गेलं तर कोण निस्तरणार? मग ते कोपऱ्यात उभे राहतात. सुपरवायझर वैतागतो, आणि पुढच्या वर्षी मी कॉलेजचा फोन उचलत नाही. तुमच्या भरभराटीत माझाही खारीचा वाटा आहे तो असा.

पण मालक, तुम्हाला सावध करणं माझं कर्तव्य आहे. या धंद्यात जुने प्रतिस्पर्धी आहेत. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाचे एक प्राध्यापक होते. 1906 साली त्यांनी 27 विद्यार्थी घेऊन एक खटाटोप सुरू केला: एक आठवडा वर्गात, एक आठवडा कारखान्यात. मुलांच्या जोड्या लावल्या. एक वर्गात असेल तेव्हा दुसरा मशीनवर, मग अदलाबदल. म्हणजे कारखान्यातली जागा कधी रिकामी नाही. शिक्षणतज्ज्ञ या प्रयोगावर पुष्कळ लिहितात, पण वर्कशॉपवाला म्हणून मला त्यातली एकच गोष्ट भावते: त्या माणसानं मालकाची अडचण आधी विचारात घेतली. मुलाचं भलं करायचं म्हणून कारखाना थांबणार नाही हे त्याला कळलं होतं.

आपल्याकडे पिलानीच्या बिट्सनं 1973 मध्ये ‘प्रॅक्टिस स्कूल’ सुरू केलं. दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात दोन महिने, पुढे शेवटच्या वर्षात साडेपाच महिने. खुळेपणा असा की मुलांबरोबर प्राध्यापकही उद्योगाच्या दारी पाठवायचा. तिथेच परिसंवाद, तिथेच डायरी, तिथेच गुण. कंपनीनं काम द्यायचं ते तिच्या खऱ्या अडचणींतलं. 2008 पासून त्यांचा एक कॅम्पस इथेच शामीरपेटकडे आहे. विचार करा, प्राध्यापकाचा पगार, त्याचं जाणं-येणं, कंपनीच्या माणसाचा वेळ! तुमच्याकडे हे सगळं प्रिंटर करतो आणि टोनर बदलला की झालं.

आणि जुन्या काळातले लोक तर त्याहून भोळे. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक ही आपलीच मराठी माणसं. निजामाच्या राजवटीत खटपटी करून 1907 साली त्यांच्या पिढीनं विवेकवर्धिनी शाळा उभी केली. पुढे केशवरावांच्या नावानं तुमच्या शेजारी नारायणगुड्यात शाळा निघाली. जागा, शिक्षक, परवानग्या, वर्गण्या, किती तो व्याप! त्यांना तुम्ही भेटला असतात तर शाळा न काढता थेट दाखलेच छापून वाटले असते.

सरकारनंही तुमच्याशी स्पर्धा करून पाहिली. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली. देशातल्या 500 बड्या कंपन्या, पाच वर्षांत एक कोटी तरुण, महिना 5,000 रुपये. पहिल्या फेरीत 82 हजारांवर संधी देऊ केल्या गेल्या. प्रत्यक्ष रुजू झाले ते नऊ हजारही नव्हते. तुम्ही हसला असाल. मी नाही हसलो. धर्माबादच्या किंवा भैंशाच्या पोरानं वर्षभर परक्या गावात पाच हजारांत राहायचं, खायचं आणि बसचं तिकीटही काढायचं? हिमायतनगरच्या हॉस्टेलात तेवढ्या पैशांत खाट तरी मिळते का, ते तुमच्या खालच्या मजल्यावर विचारा. तुमचं गिऱ्हाईक आळशी असतं असं नाही. त्यातल्या निम्म्यांना उन्हाळ्यात घरी जाऊन बापाला हातभार लावायचा असतो, आणि भत्ता न देणारी ‘खरी’ इंटर्नशिप त्यांना तुमच्या खोट्या इंटर्नशिपपेक्षा महाग पडते. म्हणून तुमच्या जिन्यातल्या पोरांवर मला राग धरता येत नाही. सगळा तुमच्यासाठी राखून ठेवलाय.

तुमचा धंदा बसवायला काय लागेल, याचा मी हिशेब केला. मुलं मे महिन्यात एकदम न पाठवता वर्षभर दोन-दोन पाठवायची. चार आठवड्यांऐवजी निदान चार-सहा महिने ठेवायची. अप्रेंटिस कायदा 1961 पासून आहे आणि त्याखालच्या योजनांत भत्त्याचा काही भार सरकार उचलतं. तो अर्ज भरायला कॉलेजनं एक कारकून बसवायचा. गाइडनं महिन्यातून एकदा चेर्लापल्लीची बस पकडायची. तोंडी परीक्षा मशीनपाशी घ्यायची. घाबरू नका, यातलं काहीही महाग नाही, म्हणूनच ते होणार नाही. महाग असतं तर एव्हाना समिती बसून निविदा निघाली असती.

एका ठिकाणी मात्र झालं, ते सांगून टाकतो. एका पॉलिटेक्निकच्या तरुण मॅडम स्वतः वर्कशॉपवर आल्या. फोटोग्राफर न आणता. दोन तास उभ्या राहून कोणतं काम कोण करतं ते पाहिलं आणि मला विचारलं, ‘तुमची रोजची कटकट काय?’ मी म्हणालो, जेवणाच्या सुट्टीनंतरचे पहिले काही बुश मापात बसत नाहीत, भंगारात जातात. त्यांनी दोन डिप्लोमाच्या मुली सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला पाठवल्या. त्यातली एक मायक्रोमीटर घेऊन बसली आणि प्रत्येक नगाचं माप, वेळेसकट, वहीत लिहीत गेली. तिसऱ्या आठवड्यात तिनं वही माझ्यापुढे धरली. सुट्टीत आम्ही सीएनसी बंद करत होतो. स्पिंडल गार व्हायचा, आणि तापेपर्यंत माप सरकत राहायचं. सुट्टी संपायच्या आधी मशीन थोडा वेळ रिकामं फिरवा, एवढंच तिचं म्हणणं. वीस वर्षं मशीनवर काढलेल्या माझ्या ऑपरेटरनं नाक मुरडलं, मग फिरवलं. भंगार थांबलं. पुढे ती पोरगी आदिबटल्याला विमानाचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत गेली. मला न विचारता गेली याचा राग अजून आहे. पण त्या मॅडमचा फोन मी पहिल्या रिंगला उचलतो, आणि आता त्यांच्याकडून कायम दोघी-दोघी येतात. करार वगैरे काही नाही. करायचं राहूनच गेलं.

तेव्हा तुमच्या भावी वाटचालीस शुभेच्छा. एआय आलाय, आता नोंदवह्या तरी प्रत्येकाच्या वेगळ्या लिहून द्या.

आपला,
रस्त्यापलीकडचा एक शेजारी

ता. क. : त्या मॅडम हल्ली एका इंजिनीअरिंग कॉलेजात परीक्षक म्हणून जातात. त्यांना दोन वाईट खोडी आहेत. एक, त्या फाइल वाचतात. तुमच्या एका फाइलीत ऋणनिर्देशात मागच्या वर्षीच्या मुलाचे आईवडील तसेच राहिलेत, तेवढं बदलून घ्या. दुसरी, त्या सर्टिफिकेटवरचा नंबर लावून पाहतात. परवा लावला. पलीकडून एक वयस्कर बाई बोलल्या: ‘एमडी सर आंघोळीला गेलेत, आणि सिलेंडर अजून आला नाही, तुम्ही गॅसवाल्यांकडूनच बोलताय ना?’