पोर्शच्या नाकाला पन्हळीची जाळी

ज्यांच्याकडे 1996 ते 2004 या काळात बनलेली, जाणकारांत 986 या क्रमांकाने ओळखली जाणारी पोर्श बॉक्स्टर आहे, आणि ती उभी करायला श्टुटगार्टच्या आसपास तळघरातली एक जागा भाड्याने आहे, त्यांच्या हितासाठी हे मार्गदर्शन आहे. नव्या पोर्शच्या मालकांनी पुढे वाचण्याची तसदी घेऊ नये. त्यांच्याकडे वॉरंटी असते, आमच्याकडे केबल टाय.

ही गाडी घरात येते कशी? माणूस पुण्याहून नोकरीनिमित्त इथे येतो, वर्षानुवर्षे एखादी शहाणी, राखाडी, मागे भरपूर सामान मावणारी गाडी चालवतो, मुले मोठी होतात, आणि एका रात्री जाहिराती चाळताना त्याच्या लक्षात येते की वीस-बावीस वर्षांची बॉक्स्टर नव्या छोट्या हॅचबॅकपेक्षा स्वस्तात मिळते. मिळते, कारण पुढचे खर्च विकणाऱ्याला ठाऊक असतात. त्यातल्या एका खर्चावर आपण जाळी टाकणार आहोत.

आता थोडे शरीरशास्त्र. बॉक्स्टरचे इंजिन सीटच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे असते. ते थंड करणारे रेडिएटर मात्र पार नाकात, पुढच्या दोन्ही चाकांसमोर एकेक. ‘बॉक्स्टर एस’ असेल तर मधोमध तिसरा. म्हणजे तापलेले पाणी गाडीच्या पोटाखालच्या लांबलचक नळ्यांतून नाकापर्यंत येते, वारा खाते आणि परत जाते. दोन्ही बाजूंच्या रेडिएटरपुढे एसीचा कंडेन्सर आहे. आणि कंडेन्सरपुढे? काही नाही. बंपरला दोन ऐसपैस तोंडे आहेत, ती सताड उघडी. मेपलचे पान आत जाताना वाकावेही लागत नाही.

आत गेलेले पान बाहेर येत नाही. ते कंडेन्सरपुढच्या खोबणीत बसते, त्यावर दुसरे बसते, चुरा झालेला कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत उतरतो. पावसाने हा सगळा लगदा भिजतो. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ त्यात मुरते. ओल आणि मीठ दोन्ही धरून बसलेला असा लगदा ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यांना महिनोन्महिने चिकटून राहिला की त्यांची भुकटी होते. मग एखाद्या जूनमध्ये एसी लावावा तर तो वाफ टाकतो. गॅस केव्हाच निघून गेलेला असतो. ऑटोबानवर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा हेच काम एका सेकंदात करतो. त्याला निदान प्रामाणिक म्हणता येते.

ही हकीकत गावाकडे व्हिडिओ कॉलवर सांगितली की बाबा विचारतात, “एवढ्या महागाच्या गाडीला कंपनीनं साधी जाळी नाही दिली?”

“नाही, बाबा.”

“आपल्या ट्रॅक्टरला होती की. पाचट अडकायचं, काढून झटकायचो.”

यावर उत्तर नाही. पोर्शच्या नावाचे ट्रॅक्टरही होते, 1956 ते 1963 या काळात बोडन सरोवराकाठी फ्रीडरिक्सहाफेनला बनत, अशी माहिती देऊन विषय बदलता येतो. पण बाबा लगेच विचारणार, मग त्याला होती का जाळी? तर नव्हती, कारण ते हवेने थंड होणारे, त्यांना रेडिएटरच नव्हता. 1963 साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आलेली 911 सुद्धा 1998 पर्यंत हवेवरच थंड होत राहिली. या घराण्यात इंजिने वाऱ्यावर सोडायची परंपराच आहे. पाण्याचा संसार मांडल्यावर दारालाही काही लावावे लागते, हे ध्यानात यायला वेळ लागला असावा.

तयार जाळ्या बाजारात मिळतात. इंग्लंडहून येतात, विणलेल्या स्टेनलेस तारेच्या, काळ्या रंगाच्या, नेमक्या मापाच्या. त्या घेऊन बसवल्या की काम संपते, म्हणून या मार्गदर्शनात त्यांचा विचार केलेला नाही.

साहित्य

बाऊमार्क्टमध्ये, म्हणजे इथल्या अवाढव्य हार्डवेअरच्या दुकानात, गाड्यांच्या विभागाकडे वळू नये. तिथे फक्त सुगंधी झाडे आणि वायपर असतात. सरळ छपराच्या विभागात जावे आणि पन्हळीत पाने अडकू नयेत म्हणून बसवायची ॲल्युमिनियमची जाळी मागावी. गुंडाळी येते, हलकी असते, पत्र्याच्या कात्रीने कापता येते आणि गुडघ्यावर वाकते. विक्रेता विचारेल, “छप्पर किती मीटर?” श्वाबियातला, म्हणजे श्टुटगार्टभोवतीच्या या मुलखातला, दुकानदार हा प्रश्न सहज विचारत नाही, जास्त माल घेऊन तुम्ही पैसे वाया घालवाल याची त्याला मनापासून काळजी असते. छप्पर लहान आहे म्हणावे. ते खरेही आहे, कापडी आहे आणि बटण दाबले की मागे जाते.

भोकाचे माप हा या शास्त्राचा गाभा, इथे घाई करू नये. जाळीचे भोक 6 मिलिमीटर आणि तार 1 मिलिमीटर असेल तर सहाचा वर्ग भागिले साताचा वर्ग, म्हणजे सुमारे 73 टक्के जागा हवेला मोकळी राहते. भोक 12 चे घेतले तर 85 टक्के, पण मग ज्या खड्यासाठी हा खटाटोप, तो आरामात आत येतो. उलट डासांची जाळी लावण्याचा मोह काहींना होतो. मोजायला गेले तर तिच्यातही बरीच जागा मोकळी भरते. पण इतक्या बारीक भोकांतून हवा अडखळत जाते, आणि चार ओली पाने सपाट चिकटली की झाकणच बसते. तेव्हा सहाच्या आसपास राहावे. पन्हळीची जाळी चौकोनी नसून शंकरपाळ्यांसारख्या भोकांची असेल तर अरुंद बाजू मोजावी.

बाकी सामान: पत्रा कापायची कात्री, बारीक कानस, जाड हातमोजे, प्रायमर, मॅट काळ्या रंगाचा स्प्रे, मुसलीच्या खोक्याचा पुठ्ठा आणि काळे केबल टाय. पांढरे नकोत. ते बंपरमधून दिसतात, आणि उन्हाने ठिसूळ होऊन पटापट तुटतात.

मुहूर्त

रविवारी काही करता येत नाही. रविवारी जर्मनीत ड्रिल चालवणारा माणूस शेजाऱ्यांच्या मनातून कायमचा उतरतो आणि त्यांच्या तक्रारवहीत चढतो. तळघरातल्या पार्किंगमध्ये दुरुस्ती करायला बहुधा बंदी असते. तशी पाटी समोरच्या खांबावर, गाडीच्या दिव्यांच्या उजेडात वाचता येईल अशी लावलेली असते. रस्त्यावर गाडी धुण्यालाही बऱ्याच गावांत मनाई. राहता राहिला शनिवार, तोही दुकाने बंद होण्याच्या आत, आणि ज्याच्या घराला अंगण आहे असा एखादा मित्र.

त्याच शनिवारी तुमची ‘केऱवोखे’ नाही ना, हे आधी पाहावे. श्वाबियातल्या इमारतींत जिना आणि दारापुढचा रस्ता झाडायची पाळी आठवड्याआठवड्याने फिरते आणि पाळी आली की दाराच्या मुठीला पाटी लटकते. ऑक्टोबरात ही पाटी ज्याच्या दाराला लागते, तो सकाळभर पाने झाडून कडेला ढीग लावतो आणि सोमवारी त्याच ढिगावरून बॉक्स्टर बाहेर काढतो. निम्मी पाने तिथेच आत जातात.

कृती

आधी आतला कचरा काढा. हे वाक्य मोठ्या अक्षरांत छापायला हवे होते. बहुतेक लोक उत्साहाच्या भरात आधी जाळी बसवतात, आणि पाच-सात वर्षांचा लगदा आत कोंडून बाहेर पहारा ठेवतात.

त्यासाठी पुढच्या बंपरचे कव्हर उतरवावे लागते. स्क्रू टॉर्क्सचे असतात, चाकांच्या कमानीत लपलेले तर हमखास गंजलेले. कव्हर दिसते अवजड, पण असते प्लॅस्टिकचे. ते ठेवायला खाली आधीच सतरंजी अंथरावी, कारण हातात आल्यावर अंथरता येत नाही. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला बारीक नळी चिकटवून ती बंपरच्या तोंडातून आत घालावी. पुढचा कचरा येतो, फटीतला येत नाही.

कव्हर निघाले की दृश्य असे असते: सगळ्यात वर कोरडी, ओळखू येणारी पाने. त्याखाली काळी, एकजीव, नमद्यासारखी गादी. ती बोटाने उचकटली की ओल्या तंबाखूचा वास येतो, आणि त्यात खरोखरच सिगारेटची थोटके सापडतात. कबुतराचे पीस, चेस्टनटची काटेरी टरफले, वाळलेल्या गांधीलमाशा, एखाद्या चॉकलेटचा कागद. गादी निघाली की कंडेन्सरचा खालचा कोपरा दिसतो. तो रुपेरी असेल तर देवाचे आभार माना. पांढरट, फुगलेला असेल आणि नख लावल्यावर झडत असेल, तर हे मार्गदर्शन बाजूला ठेवून आधी नव्या कंडेन्सरची किंमत विचारा. स्वच्छ करताना मऊ ब्रश आणि बागेच्या नळाचे पाणी पुरे. प्रेशर वॉशर जवळ आणू नका. त्याच्या माऱ्याने पापुद्रे आडवे होतात आणि हवेची वाट तुम्हीच बंद करता.

मग पुठ्ठा. बंपरच्या तोंडाला लावून पेन्सिलने कड उतरवावी, कापून बसवून पाहावा. मापात आला की त्यावर ‘डावा, पुढची बाजू’ असे लिहावे. पुठ्ठा उलटा केला की उजवा होतो. इतकी सोपी गोष्ट, पण कापलेली दुसरी जाळीही डावीच निघते, असा या क्षेत्रातला सार्वत्रिक अनुभव आहे. ताणून केलेल्या जाळीत पट्ट्या एका अंगाला कललेल्या असतात, त्यामुळे ती नुसती उलटी करून भागत नाही: एक बाजू काळी दिसते, दुसरी करडी, आणि गाडी समोरून एका डोळ्याने बघितल्यासारखी वाटते.

जाळी पुठ्ठ्यापेक्षा दीड सेंटिमीटर मोठी कापून तेवढी कड मागे दुमडावी, कानशीने मारावी, आणि मगच हातमोजे काढावेत. प्रायमर द्यावा, वाळू द्यावा, मग काळ्या रंगाचे दोन-तीन पातळ हात. जाळ्या बाल्कनीत तारेला टांगून रंगवाव्यात असे कोणी सुचवल्यास खालच्या मजल्यावर कोणाचे कपडे वाळत आहेत ते पाहावे.

बसवताना एकच नियम: जाळी कंडेन्सरला टेकता कामा नये. दोन बोटे अंतर ठेवा. टेकली तर ती खडखडते, पापुद्रे घासते, आणि हट्टाने स्टेनलेसची जाळी घेतली असेल तर मिठाच्या पाण्यात दोन धातूंचे भांडण लागून ॲल्युमिनियम हरते. केबल टायची गाठ मागच्या बाजूला घ्यावी, शेपूट मुळापासून कापावे.

परीक्षा

जाळी बसवण्याआधी गाडी तापवून तापमानाची सुई कुठे उभी राहते ते लिहून ठेवलेले असावे. बॉक्स्टरच्या तबकडीवर 80 हा आकडा आहे आणि सुई आठवर आहे, शून्यावर आहे की दोहोंच्या मध्ये, यावर जगभरचे मालक वर्षानुवर्षे तावातावाने बोलत आले आहेत. जाळीनंतर एखाद्या गरम दुपारी, एसी चालू ठेवून, श्टुटगार्टच्या खळग्यातून नॉये वाइनश्टाइगेने वर डेगरलोखकडे जावे. गर्दी असली तर उत्तमच. सुई जुन्या जागी राहिली तर जाळी उत्तीर्ण. सरकून वर गेली तर भोके बारीक आहेत. जाळी काढून पन्हळीला लावावी, ती त्यासाठीच बनलेली आहे.

दर दोन वर्षांच्या टीयूव्हीत, म्हणजे इथल्या गाड्यांच्या सक्तीच्या तपासणीत, बाहेर आलेली धारदार कड चालत नाही. तपासनीस काही न बोलता कडेवरून अंगठा फिरवतो. कड मागे दुमडायला सांगितली ती या अंगठ्यासाठी.

राहिला प्रतिष्ठेचा प्रश्न. रविवारच्या गाठीभेटीत कोणी वाकून “ही कुठली?” विचारले, तर “घरी केली” म्हणावे. मोटारी बनवणाऱ्या या शहरात स्वतःच्या हाताने केलेल्या कामाला मान आहे. किंमत विचारली तर तीही सांगावी. श्वाबियन माणसाचा खरा आदर तिथे मिळतो. फक्त पन्हळीचा उल्लेख टाळावा, नाहीतर पुढच्या शनिवारी तोच दुकानात तुमच्या पुढे रांगेत असेल आणि गुंडाळी शेवटची असेल.

आणि ज्यांनी अजून गाडी घेतलेली नाही, फक्त जाहिराती चाळणे चालू आहे, त्यांना एक विनंती. पाहायला जाल तेव्हा खिशात टॉर्च ठेवा. रंग, सीटचे चामडे, छप्पर किती सेकंदांत उघडते हे सगळे नंतर बघा. आधी गुडघ्यावर बसा आणि बंपरच्या दोन्ही तोंडांत खालच्या कोपऱ्यापर्यंत उजेड टाका. पाने दिसली तर भाव पाडा. पांढरी भुकटी दिसली तर दुसरी गाडी बघा.