घंगाळातला माणूस

रात्री पावणेदोनला मी त्याला परत पाडलं. खुर्च्या-टेबलांच्या ढिगावरून थेट तळातल्या सुकलेल्या झाडापाशी. तीन तासांची चढण चार सेकंदांत मातीत. मी माऊस आपटला नाही. या वयात माऊस आपटला की मनगट धरतं.

दोष माझाच. भाच्याच्या लॅपटॉपवर ‘गेटिंग ओव्हर इट’ हा खेळ बघून मीच म्हणालो होतो, “सरक, हात दाखवतो.” आमच्या काळी साठ मिनिटांत राजकन्या सोडवायचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आम्ही संपवला होता, हेही वर ऐकवलं. (संपवला होता शेजारच्या दादाने. मी मागे उभा राहून ‘उडी, उडी’ ओरडत होतो.) भाचा म्हणाला, “मामा, हा डोंगर दोन मिनिटांच्या आत चढणारे आहेत.” मला अकरा दिवस झालेत.

कमरेपर्यंत भांड्यात रुतलेला एक उघडाबंब टकला, हातात लांब दांड्याचा घण, समोर डोंगर. माऊस फिरवाल तसा घण फिरतो, त्याच्या टेकूवर चढायचं. मधे कुठे थांबा नाही. पडाल तिथून पुन्हा सुरू. शिवाय पडलात की २०१७ साली हा खेळ काढणारे बेनेट फॉडी स्वतःच्या शांत आवाजात थोरामोठ्यांची वचनं ऐकवतात. पाय मोडल्यावर भेटायला येणाऱ्यांत असा एक नातेवाईक असतोच.

भाचा त्या भांड्याला कढई म्हणतो. आईने चष्मा वर करून एका नजरेत निकाल दिला, “घंगाळ आहे.”

आमचं घंगाळ तांब्याचं, दोन कड्यांचं. बंबातलं कढत पाणी त्यात पडलं की न्हाणीघर धुरकट व्हायचं. एका दिवाळीच्या पहाटे, उटणं लावलेल्या अवस्थेत, मी त्यात बसलो आणि अडकलो. बाबा कड्या धरून, मामा मला काखेत धरून, दोघे विरुद्ध दिशांना ओढत होते आणि आजी ‘घंगाळाला पोचा येईल’ म्हणून ओरडत होती. पुढे ब्लॉकमध्ये आलो, मोरी आखडली, घंगाळ वजनावर मोडीत गेलं. बाबा त्या दिवशी जेवताना बोलले नाहीत. खेळात मात्र जितक्यांदा डोंगर चढाल तितकं भांडं सोनेरी होत जातं. पन्नास वेळा चढलात की पुरतं सोन्याचं. आईला हे सांगितलं तर म्हणाली, “चिंच लावली असती तर एकदाच झालं असतं.”

बायको विचारते, हे हवंय कशाला? तिला काय सांगू? दिवसा मी बाबांची खोली आईच्या नावावर करायला एका कार्यालयाचे जिने चढतोय. सात महिने. जुन्या कागदावर बाबांच्या नावापुढे ‘राव’ आहे, मृत्यूच्या दाखल्यावर नाही. प्रतिज्ञापत्र दिलं तर मसुदा चुकीचा, मसुदा बदलला तर साहेब रजेवर. बाबा हयातीत कुणाला ‘राव’ म्हणू द्यायचे नाहीत, आता त्याच दोन अक्षरांवर अडलेत. तिथे मी नेमका कुठे घसरतो तेच कळत नाही. डोंगर कधी ‘जेवणानंतर या’ म्हणत नाही. पडलो तर मनगट जरा जास्त वळलं, एवढंच. उद्या कमी वळवीन.

आईला हल्ली झोप लागत नाही. खुर्ची ओढून शेजारी बसते, ‘राव’चं काय झालं विचारत नाही. मी पुन्हा झाडाला घण अडकवला.

“हळू,” आई म्हणाली. “कडी धर त्याची.”